आभाळाचा निस्तार

गडचिरोलीहून धानोऱ्याकडे आणि तिथून पुढे मुरूमगावच्या रस्त्याला लागलं की वाटेतल्या गावांत एक गोष्ट नजरेत भरते. घरांची तोंडं वेगवेगळी असतात. कुणाचं दार पूर्वेला, कुणाचं विहिरीकडे, कुणाचं थेट रस्त्यावर. भिंती मातीच्या, कुंपणं बांबूची, छपरं कौलांची नाहीतर टिनाची. पण छपरावर, अंगणातल्या खांबावर, कधी गोठ्याच्या मेढीला आवळून बांधलेल्या छत्र्या जवळजवळ सगळ्या एकाच दिशेला बघत असतात. आग्नेयेला, आणि तिथून किंचित दक्षिणेकडे. होकायंत्र धरलं तर उत्तरेपासून 145 अंशांच्या आसपास. उत्तरेच्या कोरचीपासून दक्षिणेच्या सिरोंच्यापर्यंत हा आकडा दोन-तीन अंशांनी हलतो, पण दिशा तीच राहते.

टीव्हीच्या डिशला आमच्याकडे छत्रीच म्हणतात. या छत्र्या ज्याच्याकडे बघतात तो जीसॅट-15 हा इस्रोचा उपग्रह. 11 नोव्हेंबर 2015 रोजी फ्रेंच गयानातल्या कुरू इथून तो उडाला. विषुववृत्ताच्या बरोबर वर, सुमारे 36,000 किलोमीटर उंचीवर, पूर्व रेखांश 93.5 अंशांवर त्याची जागा आहे. खाली सुमात्रा बेटाच्या पश्चिमेचा हिंदी महासागर. पृथ्वी स्वतःभोवती जितक्या वेळात फिरते तितक्याच वेळात तो पृथ्वीभोवती फिरतो, म्हणून आपल्याला तो एका जागी थांबलेला वाटतो आणि म्हणूनच छत्री एकदा नीट लावली की पुन्हा हलवावी लागत नाही. दिल्लीतल्या तोडापूरच्या भूकेंद्रातून दूरदर्शनच्या ‘फ्री डिश’चे कार्यक्रम वर जातात, उपग्रहावरून परत फिरतात आणि पाव सेकंदाच्या आत काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत एकदम बरसतात. ते झेलायला महिन्याचं भाडं नाही, कार्ड नाही, करार नाही, नावनोंदणी नाही. दीड-दोन हजार रुपयांत छत्री, एलएनबी, केबल आणि डबा घरी येतो आणि व्यवहार तिथेच संपतो.

ही छत्री मिस्त्रीला न बोलावता आपल्या हातांनी लावायची, असं मी धानोरा तालुक्यातल्या आत्याच्या घरी ठरवलं. मला चित्र तर हवंच होतं, पण त्याहून जास्त हवी होती समज. रोज डोळ्यांसमोर असलेली ही साधी पत्र्याची तबकडी इतक्या लांबून आलेलं नेमकं काय आणि कसं पकडते, हे हाताला कळल्याशिवाय डोक्यात शिरणार नव्हतं. सामान आठवडी बाजारातून आलं. धान निघालं होतं, बांध्या रिकाम्या झाल्या होत्या, माणसांना थोडी उसंत होती.

पहिला प्रश्न जागेचा. जंगलातल्या गावात हाच खरा प्रश्न असतो. जुन्या काळचा काड्यांचा अँटेना दूरच्या मनोऱ्याकडे आडवा बघायचा. मधे टेकडी आली, गर्द झाडी आली की चित्रावर मुंग्या. उपग्रहाचा सिग्नल मात्र वरून उतरतो. गडचिरोलीत तो क्षितिजापासून जवळपास 62 अंश उंचावरून येतो, म्हणजे डोक्यापेक्षा फारसा खाली नाही. त्याचा हिशेब सोपा आहे. समोर 15 मीटर उंचीचं झाड असेल आणि ते छत्रीपासून आठ मीटरपेक्षा लांब असेल, तर सिग्नल त्याच्या शेंड्यावरून निघून येतो. सगळं आभाळ मोकळं असण्याची गरजच नसते. आग्नेयेला, उंचावर, फांद्यांच्या मधे आभाळाचा एक तुकडा हवा. ज्या जिल्ह्याचं दोन तृतीयांशाहून जास्त क्षेत्र जंगल आहे, तिथे ही फार मोठी सवलत आहे. झाड न तोडता चालतं.

पण तो तुकडा बारा महिने उघडा राहायला हवा. सागाचं झाड उन्हाळ्यात निष्पर्ण असतं. तेव्हा त्याच्या काटक्यांमधून चित्र स्वच्छ येतं. मृग बरसला की त्याच फांद्यांना हात-हातभर पानं फुटतात, पानांवर पाणी ठरतं, आणि फ्री डिशच्या 11 गिगाहर्ट्झच्या वरच्या लहरी पाण्यात शोषल्या जातात. म्हणून छत्रीची जागा कुठल्याही ऋतूत निवडली तरी भर श्रावण डोळ्यांसमोर आणून निवडावी लागते.

ती कशी निवडायची, याचं एक सुंदर उत्तर खगोलातच आहे. वर्षातून दोनदा, काही दिवस, सूर्य आभाळात बरोबर या उपग्रहाच्या मागे येतो. आमच्या अक्षांशावर हे मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या आरंभी घडतं, सकाळी अकराच्या सुमाराला. सूर्याच्या रेडिओ-गोंगाटात उपग्रहाचा बारीक आवाज बुडून जातो आणि काही मिनिटं चित्र तुटतं. लोकांना वाटतं डबा बिघडला. पण नवशिक्याला याच मिनिटांचा उपयोग आहे. त्या वेळी अंगणात जिथे ऊन पडलेलं असतं तिथून उपग्रह दिसतो, जिथे सावली असते तिथून तो झाकलेला असतो. दोन खुणांपैकी ऑक्टोबरची खूण जास्त भरवशाची, कारण तेव्हा झाडं पानांनी भरलेली असतात.

मी आलो होतो त्या दिवसांत सूर्य दक्षिणेकडे बराच सरकलेला होता. आता ऑक्टोबरमधलं ऊन कुठून आणायचं? मी आत्याला विचारलं, “दसऱ्याच्या दिवसांत सकाळी अकराला अंगणात ऊन कुठं असतं?”

तिला विचार करावा लागला नाही. हातातलं काम न सोडता ती म्हणाली, “त्या विहिरीच्या कोपऱ्यात येते ना, बापू. बाकी सारं त्या आंब्याच्या सावलीत. वाळवण तिथंच असते माझं.”

ज्या कोपऱ्यावर ती बोट दाखवत होती तो मी निवडला नसता. मला तो झाडांच्या फार जवळ वाटत होता. दोरी लावून अंतर मोजलं, काठीच्या सावलीवरून आंब्याची उंची काढली, कोन मांडला. हिशेब तिच्या बोटापाशीच येऊन थांबला. आयुष्यभर मोहफुलं, मिरच्या, धान वाळवणाऱ्या बाईला आपल्या अंगणातल्या उन्हाचा वर्षभराचा नकाशा पाठ असतो. उपग्रहशास्त्राची सुरुवात अशा ज्ञानापासून करता येते, हे मला त्या कोपऱ्यात उमगलं आणि मनापासून आनंद झाला.

खांब रोवला. खांब ओळंब्यात हवा, तसूभरही तिरका नको, कारण छत्रीवरचे सगळे कोन त्याच्या उभेपणावर विसंबून असतात. गवंड्याचा ओळंबा लावून, बुडाशी दगड ठोकून, माती चोपून तो उभा केला. मग छत्री. नवशिक्याला ती चकवते, कारण उपग्रह 62 अंश उंचावर असूनही तिचं तोंड तितकं वर करायचं नसतं. पाखडताना सूप जसं जरासं मागे कलतं धरतात, तशीच ती कलती राहते. याचं कारण तिच्या घडणीत आहे. ही तबकडी पूर्ण वाटीचा मधला भाग नसून एका बाजूचा काप असतो, त्यामुळे वरून आलेला सिग्नल तिच्यावर आपटून खाली, दांडीच्या टोकाशी गोळा होतो. पत्र्याचा कल आणि ती प्रत्यक्ष जिथे बघते तो कोन, यांत सुमारे 25 अंशांचा फरक असतो. फायदा असा की दांडीवरच्या एलएनबीची सावली तबकडीवर पडत नाही आणि तिच्यात पाणीही साचत नाही.

दांडीच्या टोकाला असलेली एलएनबी हा या सगळ्यातला खरा कारागीर. शंभर-दोनशे वॅटच्या ताकदीने निघालेली लहर 36,000 किलोमीटर पसरत पसरत येते तेव्हा तिच्यात जवळजवळ काहीच उरलेलं नसतं. तबकडी ते उरलंसुरलं एका बिंदूवर आणते. एलएनबी ते वाढवते आणि केबलीतून जाऊ शकेल इतक्या खालच्या कंप्रतेवर उतरवते. 11,090 मेगाहर्ट्झवर आलेल्या लहरीतून ती आपली 9,750 वजा करते आणि 1,340 मेगाहर्ट्झ खाली डब्याकडे पाठवते. त्याच केबलीतून डबा वर वीज चढवतो, आणि तिचा दाब 13 व्होल्ट ठेवायचा की 18, यावरून उभी लहर घ्यायची की आडवी हे एलएनबीला कळतं. एका तांब्याच्या तारेतून वर हुकूम जातो आणि खाली चित्र येतं. एलएनबी आपल्या कड्यात थोडी फिरवावीही लागते, कारण उपग्रह आपल्या बरोबर दक्षिणेला नसल्यामुळे त्याच्या लहरी आपल्याकडे तिरक्या होऊन पोचतात.

दिशा ठरवताना शेजारच्या छत्रीवर नजर ठेवावी हे खरं, पण ती कुणाची आहे ते आधी बघावं. टाटा प्लेचा उपग्रह 83 अंशांवर आहे. त्याची छत्री आमच्याकडे जवळपास सरळ दक्षिणेला तोंड करते. फ्री डिशची आग्नेयेकडे वळते. गावात हिंडून ज्या छत्र्या जास्त दिसतील त्यांच्या मागे उभं राहून बघितलं की दिशा मिळते. उरलेलं काम बोटाबोटाने. साठ सेंटिमीटरच्या छत्रीची नजर जेमतेम तीन अंश रुंद असते, आणि आभाळात तीन अंश म्हणजे हात लांब करून धरलेली दीड-दोन बोटं.

डब्याच्या पडद्यावर दोन पट्ट्या असतात. एक ताकदीची, एक गुणवत्तेची. पहिली बघून हुरळायचं नसतं. केबल जोडली, एलएनबी सुरू झाली की छत्री रानाकडे असली तरी ती भरते. दुसरी पट्टी खरा उपग्रह सापडल्याशिवाय हलत नाही. ती हलावी म्हणून एक जण खांबापाशी, एक दारात आणि एक टीव्हीसमोर, अशी साखळी लागते. आमच्याकडे दारात शेजारचा पोरगा उभा होता.

“आलं का रे?”

“नाही आलं जी.”

“आता?”

“आलं, आलं... गेलं. थोडं मागं घ्या.”

मागं घेतलं. वर उचललं. घरातून एकदम आवाज उठला, “थांबा जी, थांबा! हलवू नका!” मी श्वास रोखून नट आवळले, कारण आवळतानाही छत्री केसभर सरकते. पट्टी टिकली. डब्याने वाहिन्या शोधायला घेतल्या, नावं भराभर खाली उतरू लागली, आणि थोड्याच वेळात सह्याद्री वाहिनी दिसली.

त्या क्षणी माझ्या मनात जे आलं ते आजवर पुसलेलं नाही. आमचा मुलूख रांगेत नेहमी शेवटचा असतो. 26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपूरमधून गडचिरोली वेगळा जिल्हा झाला, तरी रस्ता, दवाखाना, टेलिफोन, मोबाइल यांतलं काहीही इथे पोचलं ते बाकी महाराष्ट्राला मिळून जुनं झाल्यावर. पर्लकोटेला पूर आला की भामरागड वर्षानुवर्षं जगापासून तुटत आलं आहे. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता 2,920 मेगावॅट. तिथली वीज 752 किलोमीटरच्या उच्चदाब वाहिनीने पार मुंबईजवळच्या पडघ्याला जाते, आणि आतल्या पाड्यांत मात्र कंदील बराच काळ हाताशी ठेवावा लागला. अंतर हाच आमचा प्रत्येक वेळचा अडसर. पण या उपग्रहाच्या हिशेबात अंतर उलटं पडतं. भूमितीने मोजलं तर जीसॅट-15पासून मुंबई जितकी लांब आहे, त्यापेक्षा गडचिरोली सुमारे 200 किलोमीटर जवळ आहे. मुंबईची छत्री आमच्यापेक्षा चारेक अंश खाली बघते, आणि तिला आमच्याहून सरस असं काहीच मिळत नाही. जे चित्र वरळीत, तेच एटापल्लीत. त्याच क्षणी, तितकंच स्वच्छ.

ही समानता आपोआप घडलेली नाही. ती कुणीतरी आधी मनात धरली होती. विक्रम साराभाईंचा आग्रह होता की उपग्रहाचा पहिला उपयोग शहरांसाठी न होता जिथे दुसरं काहीच पोचत नाही अशा खेड्यांसाठी व्हावा. 1 ऑगस्ट 1975 ते 31 जुलै 1976 या वर्षात ‘साइट’ नावाचा प्रयोग झाला. नासाचा एटीएस-6 हा उपग्रह वर्षभरासाठी मिळाला आणि सहा राज्यांतल्या 2,400 खेड्यांत थेट उपग्रहावरून कार्यक्रम उतरले. तीन मीटर व्यासाच्या, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीच्या छत्र्या आपल्याच देशात बनल्या. त्या वेळी जगात कुठेही इतक्या मोठ्या प्रमाणावर असं झालेलं नव्हतं. या प्रयोगाचे कार्यक्रम-व्यवस्थापक होते कोल्हापुरात जन्मलेले एकनाथ वसंत चिटणीस. सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. आमच्या पूर्व सीमेपलीकडच्या रायपूर भागातल्या गावांत जाळीच्या छत्र्या उभ्या राहिल्या. अलीकडच्या जंगलात त्यांची वार्ताच आली असेल.

आमच्या वाट्याला ती गोष्ट यायला 16 डिसेंबर 2004 उजाडावा लागला. त्या दिवशी ‘डीडी डायरेक्ट प्लस’ सुरू झालं, तेही मुळात जमिनीवरच्या मनोऱ्यांचा सिग्नल जिथे पोचत नव्हता त्या भागांसाठी. पुढे त्याचंच नाव फ्री डिश झालं. दरम्यान जमिनीवरचे जुने प्रक्षेपक प्रसार भारतीने टप्प्याटप्प्याने जवळपास सगळे बंद केले, त्यामुळे आज मोफत चित्राची वाट आभाळातूनच आहे. 2023च्या जानेवारीत केंद्र सरकारने दुर्गम, आदिवासी, सीमेवरच्या आणि नक्षलग्रस्त भागांत आठ लाखांहून जास्त डबे फुकट वाटण्याची योजना मंजूर केली. देशात फ्री डिशची घरं चार कोटींच्या वर धरली जातात. हा अंदाजच असतो, कारण कुणाचीही नोंद ठेवलेली नाही. माझ्या दृष्टीने या व्यवस्थेतली ही सर्वांत उमदी गोष्ट आहे. आभाळ कुणाला नाव विचारत नाही, आणि पैसे संपले म्हणून कुणाचं चित्र बंद करत नाही.

याची खरी किंमत 2020 साली कळली. शाळा बंद झाल्या, शिक्षण मोबाइलवर गेलं, आणि ज्या गावांत मोबाइलची रेंज शोधायला टेकडीवर चढावं लागायचं तिथली मुलं वाऱ्यावर पडली. 20 जुलैपासून सह्याद्रीवर ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनने बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांच्या आधाराने पहिली ते आठवीसाठी ती तयार केली होती. त्यात फळा आणि खडू नव्हता. घरातल्या, अंगणातल्या वस्तू घेऊन करून बघायच्या गोष्टी होत्या. तिला रेंज लागत नव्हती, डेटा लागत नव्हता. छत्री आणि वीज असली की वर्ग भरत होता. वीज जाणाऱ्या घरांतही वाट होती, कारण असे बरेच डबे 12 व्होल्टवर चालतात आणि छोटं सौर पॅनेल व बॅटरी त्यांना पुरते. एका बाजूने बोलणाऱ्या माध्यमाच्या मर्यादा कितीही असोत, ते सगळ्यांपाशी एकदम पोचतं हा गुण त्या वर्षी फार मोलाचा ठरला.

आत्याच्या घरी आता संध्याकाळी शेजारपाजारची माणसं येऊन बसतात. बातम्या लागतात, शेतीचं काही लागतं, चित्रपट लागतो. त्यांत शेजारच्या घरातली एक म्हातारी असते. ती गोंडी बोलते. मराठी तिला कामापुरती येते आणि हिंदी त्याहून कमी. ती चित्राकडे टक लावून बघते आणि मधूनमधून नातवाला काही विचारते. नातू पडद्यावरची नजर न हलवता गोंडीत सांगतो. बातमी चालूच असते. त्याचं सांगून होईपर्यंत पुढची दोन वाक्यं निघून गेलेली असतात. म्हातारीला बातमीचा निम्मा भाग मिळतो. 36,000 किलोमीटर चोख आलेली गोष्ट शेवटच्या दोन हातांत अर्धी सांडते. तिच्या शेजारी बसून हे बघताना मला फार अस्वस्थ वाटतं. लहर पोचणं आणि माणसापर्यंत पोचणं यांत अजून एक पल्ला शिल्लक आहे, आणि तो छत्री फिरवून गाठता येत नाही.

2011च्या जनगणनेत गोंडी बोलणारे जवळपास 30 लाख होते. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा अशा सलग पट्ट्यात ती भाषा पसरली आहे. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत ती नाही, आणि फ्री डिशवर तिची वाहिनी नाही. भामरागडकडच्या माडियांचं बोलणंही तिथे ऐकू येत नाही. झाडीबोलीची गतही वेगळी नाही. धानकापणीनंतर थंडीत रात्र-रात्र चालणारी झाडीपट्टीची नाटकं, वडसा-देसाईगंजमधून गावोगाव निघणाऱ्या त्यांच्या कंपन्या, दूरदूरच्या गावांतून येणारा प्रेक्षक, हा केवढा जिवंत पसारा आहे. परशुराम खुणे यांना 2023 साली या रंगभूमीसाठी पद्मश्री मिळाली. पण झाडीपट्टीचं नाटक बघायला मंडपातच जावं लागतं. आभाळातून ते जवळजवळ कधीच उतरत नाही.

कारण साधं आहे. उपग्रहावर जागा मोजक्या आहेत, आणि खाजगी वाहिन्यांना त्या ई-लिलावाने मिळतात. वर्षाला कोट्यवधी रुपये मोजणाऱ्याला ते जाहिरातीतून वसूल करायचे असतात, म्हणून तो मोठ्या बाजाराच्या भाषेत बोलतो. त्यामुळे हिंदी भरपूर, मराठी थोडी, आणि जंगलाची भाषा शून्य. प्रसार भारतीला पैसा हवा हे मान्य. त्याच पैशावर ही मोफत व्यवस्था उभी आहे. पण लहर विकत घेणारा तिचा धनी होत नाही. 9 फेब्रुवारी 1995 रोजी सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणाच्या खटल्यात निकाल दिला की रेडिओ-लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिचा वापर लोकहितासाठीच झाला पाहिजे. त्या पीठावर न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. सरकारचीही मक्तेदारी नको आणि धनवानांचीही नको, हे त्या निकालाचं सार. मला तो निकाल वाचताना आमच्या जंगलाचीच भाषा ऐकू आली.

कारण हा वाद आमच्या जिल्ह्याने जमिनीवर आधी लढला आहे. जळण, बांबू, चराई, घराला लागणारं लाकूड, हा गावाचा निस्तार मध्य प्रांताच्या काळापासून सरकारदप्तरी नोंदलेला होता. तरी जंगल मोठ्या खरेदीदारांना करारावर जात राहिलं आणि गावकरी आपल्याच रानात गुन्हेगार ठरत राहिले. धानोरा तालुक्यातल्याच मेंढा-लेखा गावाने हे उलटवलं. अभ्यास गट बसवून, कायदा वाचून, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत थांबून ते गाव पुढे गेलं. 2006च्या वनहक्क कायद्याखाली 2009 साली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर त्याचा सामूहिक हक्क मान्य झाला. देशातल्या अशा पहिल्या गावांत ते होतं. 27 एप्रिल 2011 रोजी बांबूच्या वाहतुकीचे परवाने द्यायचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. पुढे याच धानोरा तालुक्यात मोहगावच्या ग्रामसभेने मुलांसाठी गोंडी माध्यमाची शाळा काढली. म्हणजे सामायिक वस्तू कशी वापरायची, कशी राखायची, आणि तिच्यात आपली भाषा कशी बसवायची, याचा अनुभव इथे तयार आहे. तो जंगलापुरता का थांबावा?

आभाळातली ती जागाही अशीच सामायिक आहे. स्थिर कक्षेतली स्थानं आणि कंप्रता या मर्यादित नैसर्गिक संपत्ती आहेत, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या घटनेतच लिहिलेलं आहे. भारताच्या वाट्याला आलेल्या स्थानातून भारताच्या सगळ्या भाषांना थोडी-थोडी जागा मिळणं हा उपकार होत नाही. आणि हे जमणारं काम आहे, याचा दाखला पन्नास वर्षं जुना आहे. साइटच्याच काळात गुजरातच्या खेडा जिल्ह्यात इस्रोने छोटा प्रक्षेपक घेऊन गावकऱ्यांच्या बोलीत, गावकऱ्यांच्या प्रश्नांवर, त्यांनाच समोर घेऊन कार्यक्रम केले. 1984 साली त्याला युनेस्कोचं पारितोषिक मिळालं. तेव्हा कॅमेरे अवजड होते आणि महाग होते. आज धानोऱ्याच्या बाजारात फिरणाऱ्या पोरांच्या खिशात त्याहून चांगला कॅमेरा आहे.

छत्री लावायला शिकल्यावर माझी मागणी स्पष्ट झाली. सह्याद्रीवर रोज अर्धा तास गोंडीत आणि माडियात बातम्या हव्यात, ज्या नातवाने भाषांतर न करता आजीला कळतील. थंडीच्या मोसमात आठवड्याला एक झाडीपट्टीचं नाटक पूर्ण दाखवलं जावं. पावसाळ्यात पुराची सूचना, मोहाच्या नि तेंदूच्या हंगामात भाव, आणि मुलांच्या पाठांना मातृभाषेतला आवाज. लिलावातून येणाऱ्या पैशाचा एक ठरलेला हिस्सा यासाठी बाजूला काढता येईल. हे कुणी दिल्लीत बसून सुचवायची वाट बघू नये. ज्या गावांच्या अंगणात छत्र्या लागलेल्या आहेत त्या गावांच्या ग्रामसभांनी बसून, बोलून, एकमताने ठराव करावेत आणि ते दूरदर्शनकडे पाठवावेत. ग्रामसभेत झालेलं एकमत सरकारी कागदावर हक्क म्हणून कसं उमटतं, हे धानोरा तालुक्याने एकदा करून दाखवलेलं आहे.